नोकरीच्या दारात थांबलेले आत्मकथन

दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला काय दिले याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्यांनी काय सोडून दिले, ही चर्चा मात्र आपण टाळतो. 'बलुतं' (१९७८) पासून आजवरची आत्मकथने एकापुढे एक ठेवून वाचली की एक गोष्ट जाणवते. भूक, अपमान, शाळा, वसतिगृह, आणि मग नेमणुकीचा कागद. इथपर्यंत लेखणी तापलेली असते. त्यानंतर कचेरीतील जातीयता येते, भाड्याच्या घराचा शोध येतो. परंतु नायक रोज आठ तास जे काम करतो ते काम पानांवर येत नाही. 'अक्करमाशी' (१९८४) च्या लेखकाला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी मिळते. दोन अनोळखी माणसांचे आवाज जोडून देण्याचे हे काम. आणि ते करणारा माणूस असा की ज्याचा स्वतःचा शब्द गावात कोणी ऐकून घेतला नव्हता. पण वाचकाच्या मनात राहते ती घर मिळवण्याची तगमग. टेलिफोनचा बोर्ड राहत नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला येतो. तिथेही कथेचा सगळा ताण चोरलेल्या जातीचा आहे, आणि तो तसाच असायला हवा होता.

त्या पिढीला दोष देण्याचा प्रश्नच नाही. जखम उघडी असताना हत्यारांचे वर्णन कोण करीत बसेल? प्रश्न आपल्या समीक्षेचा आहे. तिने अनुभवाची दाहकता हा एकच काटा हाती धरला आणि त्यात जे बसले नाही ते मध्यमवर्गीय, सुखवस्तू म्हणून बाजूला टाकले. त्यामुळे कौशल्य हा अनुभव आपल्या साहित्यात फारसा आलाच नाही.

एक उदाहरण घेतो. आमच्या कोल्हापुरात उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळी, १९३९ साली सुरू झाला; नवी टर्मिनल इमारत २०२४ साली झाली. विमानतळ म्हटला की लोकांना वैमानिक दिसतो, फार तर मनोऱ्यात बसून विमानांना वाट सांगणारा नियंत्रक. त्या नियंत्रकाचा आवाज वैमानिकाच्या कानापर्यंत धड पोचावा यासाठी राबणारा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ कोणालाच दिसत नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या भारतीय विमानपत्तन प्राधिकरणात या कामाची स्वतंत्र शाखा आहे. पदवी घेतलेली मुले देशपातळीवरील परीक्षेतून तिथे जातात. १५ टक्के जागा अनुसूचित जातींना, साडेसात टक्के जमातींना. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमधले रेडिओ संच, त्यांच्या जोडीला कायम तयार ठेवलेले दुसरे संच, दिशा आणि अंतर सांगणारी यंत्रे, रडार, बॅटऱ्या, ध्वनिमुद्रण हे सारे त्यांच्या हाती असते. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी एक रेडिओलहर असते आणि सुमारे ३ अंशांचा उतार दाखवणारी दुसरी. ढगात काही दिसत नसताना वैमानिक या दोन लहरींवर विसंबून खाली येतो. प्रत्येक लहरीवर पहारा करणारे मोजयंत्र बसवलेले असते. लहर ठरलेल्या मर्यादेबाहेर सरकली की ते यंत्र संच बदलते, तेवढ्याने भागले नाही तर लहर बंदच करते. कारण खोट्या खुणेपेक्षा खूण नसलेली बरी. तंत्रज्ञ हे पुन्हा पुन्हा तपासतो, आकडे वहीत लिहितो आणि खाली सही करतो.

या कामाचे वैशिष्ट्य असे की ते नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही. आपले सौंदर्यशास्त्र मात्र घटनेचे आहे: अपमान, तडाखा, विद्रोह. ज्या रात्री काही घडले नाही, आणि ते एका माणसाच्या जागेपणामुळे घडले नाही, ती रात्र कशी लिहायची?

१ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेनच्या आकाशात दोन विमाने धडकून ७१ माणसे मेली. त्या रात्री झुरिकच्या नियंत्रण केंद्रात देखभालीचे काम चालू होते. रडारची व्यवस्था अपुऱ्या स्वरूपात चालत होती, मुख्य टेलिफोन बंद होते आणि नियंत्रक एकटा होता. पुढे २००४ साली, अपघातात बायकामुले गमावलेल्या एका माणसाने त्या नियंत्रकाचा खून केला. जगाला या दोघांच्या कहाण्या माहीत झाल्या, त्यांवर चित्रपट निघाले. देखभाल करणाऱ्यांना मात्र चेहरा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत संदेशवहनाची यंत्रणा कोलमडून ८०० हून अधिक विमानांना उशीर झाला, तेव्हा बातमीचा मथळा होता 'तांत्रिक बिघाड'. तंत्रज्ञ भाषेत येतो तो असा, बिघाड होऊन. झाडू थांबला की सफाई कामगार दिसतो, हे आपल्या लोकांना सांगायला नको.

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी नेमके याच जागी बोट ठेवले होते. अस्पृश्याला रेल्वेत गँगमन म्हणून घेतात, वर चढू देत नाहीत. कापडगिरणीत विणकाम खाते त्याला बंद, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो. त्याच्या श्रमाला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती कुशल कामाला आणि त्यातून मिळणाऱ्या पगाराला. हे ध्यानात घेतले तर आपला मुलगा किंवा मुलगी विमानतळाच्या यंत्रकक्षात पाऊल टाकते, ती बंद खात्यातच शिरत असते. आणि 'निदान विमानाच्या बाबतीत तरी राखीव जागा नकोत' हे वाक्य शिकल्यासवरल्या मंडळींच्या खोलीत मी कितीदा ऐकले आहे! बोलणाऱ्याला हे ठाऊक नसते की एखाद्या यंत्रावर हात ठेवण्याआधी प्रत्येकाला त्या यंत्राची वेगळी पात्रता सिद्ध करावी लागते, आणि त्या कसोटीत राखीव गुण नसतात.

म्हणून यंत्राला जात नसते असे म्हणून सुटायचे का? मोजयंत्र जात विचारीत नाही हे खरे. पण एकाची चूक माणसाची चूक ठरते आणि दुसऱ्याची कोट्याची. खंडेनवमीला कारखान्याकारखान्यांत, कचेऱ्याकचेऱ्यांत यंत्रांना झेंडूचे हार पडतात. तिथे नारळ कोणाच्या हातून फुटतो, आणि बुद्ध-आंबेडकर मानणारा कामगार त्या वेळी कुठे उभा राहतो? ही कादंबरीची जागा आहे. ती अजून मोकळी आहे.

इथे एक मोह होण्यासारखा आहे. शंकरराव खरातांच्या आत्मकथनाचे नावच 'तराळ-अंतराळ' (१९८१). गावोगाव निरोप पोचवणारा तराळ आणि आकाशात आवाज पोचवणारा त्याचा नातू, ही प्रतिमा कोणाही कवीला आयती सापडेल. ती घेऊ नये असे माझे मत आहे. तराळकी जन्माने लादलेली होती. हे काम परीक्षा देऊन मिळवलेले आहे. दोहोंना एका माळेत ओवले की कमावलेली विद्या पुन्हा वतनात जमा होते. जातीने वाटलेल्या धंद्यांना नकार देणाऱ्या साहित्याने ही चूक करू नये.

अडचण भाषेची आहे हे मान्य. 'चेंजओव्हर मारला', 'सेट डाऊन आहे', 'स्टँडबायवर घेतला' ही या लोकांची बोली. ती अलिखित राहिली तर तिलाही एक दिवस अशिष्ट ठरवले जाईल, जशी आपल्या आजीची बोली ठरवली होती. पण खरी परीक्षा घरात आहे. आई उसाच्या फडात राबलेली. ती विचारते, तू विमान चालवतोस का? नाही. मग विमानाला वाट दाखवतोस? नाही, वाट दाखवणाऱ्याचा आवाज बंद पडू देत नाही. ती थोडा वेळ गप्प बसते आणि विचारते, मग रात्रभर जागून करतोस काय?