शंकरदिग्विजयातील दोन प्रसंग

वैशाख शुद्ध पंचमीस आमच्या देवळांतून आद्य शंकराचार्यांचे चरित्र सांगितले जाते. कालडीचे बालपण, पूर्णा नदीतील मगर, नर्मदातीरी गोविंदभगवत्पादांची भेट, मंडनमिश्रांशी वाद, काश्मीरचे सर्वज्ञपीठ हा क्रम श्रोत्यांस पाठच असतो. तो मुख्यतः माधवांच्या नावावर असलेल्या सोळा सर्गांच्या ‘शंकरदिग्विजय’ या संस्कृत काव्यातून रूढ झाला आहे.

हे माधव म्हणजेच विद्यारण्य, असे परंपरा मानते. तसे धरले तरी आचार्य आठव्या शतकातले आणि काव्य चौदाव्या शतकातले. मध्ये सहाशे वर्षांचे अंतर. इतर चरित्रग्रंथांतील श्लोक त्यात जसेच्या तसे आढळत असल्याने अनेक अभ्यासक त्याची रचना याहूनही पुष्कळ अलीकडची ठरवितात. तेव्हा या काव्याकडे इतिहासाची साक्ष मागण्यात अर्थ नाही. ते कोणते शंकर आम्हांपुढे पूजेस ठेवते, हेच पाहिले पाहिजे. ‘दिग्विजय’ हा शब्दच मुळी राजाचा. संन्याशाच्या पायी फिरण्यास तो लावला की प्रतिपक्षी शत्रू होतो आणि वाद म्हणजे लढाई. मंडनमिश्रांच्या गळ्यातील माळ कोमेजते ती कवीने मोठ्या हौसेने कोमेजविली आहे. असे प्रसंग कीर्तनात रंगतात, हे आम्हांसही मान्य आहे.

परंतु या काव्याचा खरा कस दोन ठिकाणी लागतो आणि तेथे कोणाचाही पराभव करावयाचा नाही.

पहिले ठिकाण काशी. गंगेकडे निघालेले आचार्य समोरून येणाऱ्या चांडाळास दूर हो म्हणतात. तो विचारतो की दूर कोणी व्हावयाचे, अन्नाच्या देहाने अन्नाच्या देहापासून, की चैतन्याने चैतन्यापासून? आचार्य थांबतात. ज्याला हे ज्ञान झाले तो चांडाळ असो वा ब्राह्मण, तोच माझा गुरू, असे कबूल करतात. ‘मनीषापंचक’ या स्तोत्राची ही पार्श्वभूमी. येथे कवी थांबता तर हा प्रसंग असामान्य झाला असता. पण लगेच तो चांडाळ नाहीसा होऊन साक्षात् विश्वनाथ प्रकट होतात, आणि त्याची चार कुत्री म्हणजे चार वेद होते असे कळते. आचार्यांचे मस्तक शेवटी देवापुढेच लवले, म्हणून श्रोता सुटकेचा निःश्वास टाकतो. आमच्या मते कवीची माघार ती हीच.

एकनाथांची कथा याच्याशेजारी ठेवून पाहावी. पैठणला गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे पोर नाथांनी उचलून कडेवर घेतले. ते पोर पोरच राहते. त्याचा पांडुरंग होत नाही. म्हणूनच ती कथा ऐकताना आम्ही आजही थोडे अस्वस्थ होतो.

काशीच्या कथेवर विसंबून आचार्य जातिभेदाच्या पलीकडे होते असे प्रवचनांतून बेधडक सांगितले जाते. त्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातील पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे (सूत्रे ३४ ते ३८). तेथे शूद्रास वेदपूर्वक विद्येचा अधिकार नाही, असे आचार्य स्मृतिवचनांच्या आधारे स्पष्ट मांडतात. विदुर आणि धर्मव्याध यांना पूर्वसंस्काराने ज्ञान झाले. त्याचे फळ नाकारता येत नाही, आणि इतिहासपुराणांची वाट चारही वर्णांस मोकळी आहे, एवढी सवलत ते देतात. आचार्यभक्त विष्णु वामन बापटशास्त्री यांनी आचार्यांचे भाष्य केव्हाच मराठीत आणले आहे. संस्कृत येत नाही ही सबब आम्हांस राहिलेली नाही. भाष्य आचार्यांचे निश्चित, तर कथा उत्तरकालीन भक्तांची. मग अद्वैताचा व्यवहारातला अर्थ या ठिकाणी आचार्यांपेक्षा त्यांच्या भक्तांना अधिक उमगला, असे म्हणावे लागते. हे म्हणताना आम्हांस संकोच वाटतो. पण दोन्ही वाचून दुसरे काही म्हणता येत नाही.

दुसरे ठिकाण कालडीचे घर. अंतकाळी मी येईन हे आईस दिलेले वचन पाळण्यास आचार्य परततात. संन्याशास अंत्यकर्माचा अधिकार नाही, म्हणून आप्त पाठ फिरवितात. विस्तवदेखील देत नाहीत. सर्वांचा त्याग केलेला हा पुरुष घराशेजारीच लाकडे रचून एकट्याने आर्यांबेस अग्नी देतो. येथे वाद नाही, जयपत्र नाही. संपूर्ण काव्यात आचार्य इतके माणूस कोठेही वाटत नाहीत. आणि येथेही कवीस राहवत नाही. तो त्यांच्या तोंडी आप्तांसाठी शाप घालतो की तुमच्या घराजवळच तुमची स्मशाने होतील. घराच्या आवारातच दहन करण्याची नंबुद्रींची चाल होती. तिची उपपत्ती लावण्यासाठी हा शाप मागाहून रचला गेला असावा, असे आम्हांस वाटते.

२०२३ साली ओंकारेश्वरी बाल शंकराची १०८ फुटांची मूर्ती उभी राहिली. आमच्या इंदूरच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिलीच असेल. ती गुरूच्या शोधात घर सोडून निघालेल्या मुलाची आहे. आईचे प्रेत एकट्याने उचलणाऱ्या संन्याशाची मूर्ती आम्ही अद्याप कोठे पाहिली नाही.