'गुलाबी साडी' : एका ध्रुवपदाचा विचार

शिष्टांनी ज्या रचनांकडे पाठ फिरविली, त्यांतल्याच काही पुढे शिष्टांच्या अभ्यासाचा विषय झाल्या, ही गोष्ट लावणीच्या इतिहासावरून सर्वांना विदित आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. पोवाड्याला इतिहासाचा आधार होता, म्हणून त्याची प्रतिष्ठा लवकर मान्य झाली. लावणीला मात्र असा आधार नव्हता. प्रा. म. वा. धोंड यांनी 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) लिहून तिच्या रचनेची चिकित्सा केली, तेव्हा रामजोशी आणि होनाजी यांना जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. एखादे गाणे लोकांच्या जिभेवर असतानाच त्याची परीक्षा करण्याची सवय आपल्या समीक्षेला फारशी नाही. ती एक तर नाक मुरडते, नाहीतर ते गाणे किती जणांनी ऐकले याचा आकडा सांगून थांबते. या दोन्ही प्रकारांत गाणे मात्र वाचायचे राहूनच जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेले 'गुलाबी साडी' हे गाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जळगाव जिल्ह्यातून आलेले श्री. संजू राठोड हे त्याचे कवी, संगीतकार आणि गायक. वाद्यसंयोजन 'जी-स्पार्क' या नावाने काम करणाऱ्या संयोजकाचे. चित्रफितीत नायिकेची भूमिका प्राजक्ता घाग यांनी केली. हे गाणे कोणत्याही चित्रपटातले नाही, नाटकातलेही नाही. ज्याला संगीताच्या व्यवसायात 'सिंगल' म्हणतात, तसे ते एकटेच जन्माला आलेले आहे. 'नऊवारी' या त्यांच्या आधीच्या गाण्याने कवीचे नाव काही प्रमाणात झाले होते. या गाण्याने ते महाराष्ट्राबाहेर गेले. ते आजवर कोट्यवधी वेळा ऐकले व पाहिले गेले आहे. परंतु तो आकडा आपल्याला गाण्याविषयी काही सांगत नाही. त्यासाठी गाण्याकडेच वळणे प्राप्त आहे.

एकटे गाणे मराठीला नवीन नाही. भावगीत हेही आरंभी एकटेच गाणे होते. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता श्री. जी. एन. जोशी यांनी गाऊन १९३२ साली तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी घरांत एका नव्या प्रकाराचा प्रवेश झाला. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. भावगीताची कडवी किती असावीत, आलाप कोठे आवरावा, ध्रुवपद कितीदा यावे, हे पुष्कळ अंशी त्या तबकडीने ठरविले. यंत्र हे गीताचे केवळ वाहन नसते. त्याच्या रचनेतही त्याचा हात असतो.

आजचे यंत्र हातातला फोन आहे. टिकटॉकवर जून २०२० मध्ये आपल्या देशात बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने 'रील' हा प्रकार येथे सुरू केला. तेव्हापासून गाण्याचा जो तुकडा लोकांपर्यंत प्रथम पोहोचतो, तो पंधरा ते तीस सेकंदांचा असतो. तबकडीने तीन मिनिटे दिली. फोनने अर्धे मिनिट दिले. परिणामी गाण्याचा सारा भार ध्रुवपदावर आला. कडवे हे ध्रुवपदाकडे जाण्याची वाट एवढ्यापुरतेच उरले. 'गुलाबी साडी'चे यश आणि त्याचे अपुरेपण या दोहोंचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम यशाचा विचार करू. ध्रुवपदाचा आशय एका वाक्यात सांगता येतो: गुलाबी साडी नेसून, ओठांना लाली लावून आलेली स्त्री आपल्या प्रियकराला 'राजा' म्हणून हाक मारते आणि आपला फोटो काढावयास सांगते. एवढेच. पण या एवढ्याशा मागणीत शृंगारगीताच्या परंपरेला एक लहानसा छेद गेलेला आहे. आपल्या लावणीतील नायिका 'राया'जवळ काही ना काही मागत असते. कधी शालू, कधी दागिना, कधी त्याचे रात्रीचे येणे. मिळाले नाही तर रुसते. देणारा तो, घेणारी ती. या गाण्यातील नायिकेजवळ साडी आधीच आहे, लाली आहे, आणि आपण सुंदर दिसत आहो याविषयी तिला तिळमात्र शंका नाही. तो निर्वाळा ती प्रियकराकडून घेत नाही, आपणच देते. त्याच्याकडे उरलेले काम फक्त फोटो काढण्याचे. देणाऱ्याचा तो क्षणभर सेवक झाला आहे. वाक्य आज्ञार्थी आहे, आणि त्या आज्ञार्थात आर्जव कमी, हक्क अधिक आहे.

शब्दकळा पाहू. काजळ, गजरा, चंद्राशी मुखाची तुलना, हे सर्व आजीच्या पेटीतले जिन्नस आहेत. शाहिरांनी ते वापरून गुळगुळीत केले आहेत. नवा शब्द एकच: 'फोटो'. तो काढून घेतला तर गाण्यात विशेष असे काही उरणार नाही. परभाषेतील शब्द आला की मराठी बिघडली, असे म्हणण्याचा आपणा शिक्षकांचा परिपाठ आहे. पण येथे तो शब्द अलंकार म्हणून आलेला नाही. ज्या कृतीसाठी तो आला आहे, त्या कृतीला घरोघर दुसरे नाव नाही. 'छायाचित्र' हा शब्द त्या नायिकेच्या तोंडी घालून पाहावा. तिचे बोलणे तत्क्षणी पाठ्यपुस्तकातले होईल.

ध्रुवपद स्त्रीचे आणि गळा पुरुषाचा, याचे कोणास नवल वाटण्याचे कारण नाही. होनाजी रचीत असे आणि बाळा गात असे. दोघेही पुरुष, आणि बोलणे मात्र नायिकेचे. आम्ही बडोदेकरांना तर यासाठी पुण्याकडेही पाहावे लागत नाही. येथून जवळच असलेल्या डभोईचे दयाराम (१७७७–१८५२) हे होनाजींचे समकालीन. त्यांच्या गरबीत पुरुष कवी गोपीच्या मुखाने बोलतो, आणि ते बोलणे गुजराती स्त्रियांनी आपलेसे करून फेर धरला. पुरुषाने लिहिलेले स्त्रीचे बोलणे स्त्रियांनी स्वीकारले की नाकारले, ही त्या बोलण्याची खरी परीक्षा होय. दयारामांची गरबी त्या परीक्षेत उतरली. 'गुलाबी साडी'चे ध्रुवपदही, निदान आजपुरते, उतरले आहे.

ते कसे, हे त्याच्या स्वागतावरून स्पष्ट होते. या गाण्याच्या स्वागताची तऱ्हा निराळी आहे. सामान्यतः श्रोता गाणे ऐकतो आणि दाद देतो. येथे ध्रुवपदच फोटो काढावयास सांगते. श्रोते ती आज्ञा पाळतात. नववधू, परिचारिका, आजीबाई, शाळकरी मुली यांनी कपाटातली गुलाबी साडी काढली, नेसली आणि कोणाकडून तरी चित्रण करून घेतले. ज्या क्षणी त्यांनी तसे केले, त्या क्षणी त्या श्रोत्या न राहता नायिका झाल्या. बैठकीच्या लावणीत नायिका एक आणि पाहणारे अनेक असत. पाहणाऱ्यांच्या नजरेखाली उभे राहण्याची किंमत त्या एकीला समाजात मोजावी लागे. 'पिंजरा' (१९७२) या चित्रपटात ती किंमत शिक्षकानेही मोजली, हे आमच्या व्यवसायबंधूंना स्मरत असेल. आता नायिका असंख्य झाल्या आणि नाचण्याला चिकटलेला तो कलंक बऱ्याच अंशी विरघळला. हे काम एकट्या या गाण्याने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या कामाला याहून सोपे ध्रुवपद अलीकडे मिळाले नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल. फोटो काढून घेण्याची ही हौस म्हणजे लोकांच्या पसंतीची भूक नव्हे काय? नायिका प्रियकराच्या संमतीतून सुटली, पण अनोळखी हजारोंच्या संमतीत अडकली नाही काय? आक्षेप खोटा नाही. तथापि तो गाण्यावर जितका लागू पडतो, त्याहून अधिक तो आपल्या काळावर लागू पडतो. आणि गाणे आपल्या काळाचे खरे बोलले, हा त्याचा दोष मानता येत नाही.

गाण्याचा खरा दोष दुसरीकडे, म्हणजे कडव्यात आहे. नायक उत्तर देतो तेव्हा त्याच्यापाशी चंद्रमुखाच्या उपमेपलीकडे काही सापडत नाही. जी नायिका इतक्या नेमकेपणाने बोलली, तिला मिळालेले उत्तर कोणत्याही नायिकेला देता येईल असे आहे. ध्रुवपदातील स्त्रीला व्यक्तित्व आहे; कडव्यातील पुरुषाला ते नाही. दुसरे असे की, गाण्यात काळ पुढे सरकत नाही. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधील माडगूळकरांच्या प्रसिद्ध लावणीत कानातला दागिना हरवतो, आणि त्या हरवण्यातून एक वाट, एक गाव, एक लपविलेली गोष्ट उभी राहते. शांताबाई शेळके यांच्या 'पैठणी' या कवितेत वस्त्र हे आजीच्या साऱ्या आयुष्याची घडी होऊन येते. वस्तू कवितेत येते ती असे काही उलगडण्यासाठी. गुलाबी साडीला मात्र काल नाही आणि उद्याही नाही. ती कोणी दिली, प्रथम केव्हा नेसली, फोटो काढून झाल्यावर काय, यांपैकी एकही प्रश्न गाण्याला पडत नाही. अर्ध्या मिनिटाच्या रचनेला तो पडण्याची गरजही नव्हती. म्हणून उत्तम ध्रुवपद, पण अपुरी कविता, असाच निर्णय द्यावा लागतो.

लयीसंबंधी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. कारण याच बडोद्यात १८९४ साली जन्मलेल्या माधव जूलियनांनी 'छंदोरचना' लिहून मराठी पद्याच्या आवर्तनांची व्यवस्था लावून दिली. अष्टमात्रक पद्मावर्तनाला मराठी कान किती सरावलेला आहे, हे त्या ग्रंथावरून ध्यानी येते. ओव्या, आरत्या, अभंग म्हणताना आपण अक्षरे लांबवून आवर्तनात बसवितो. ही सवय लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही असते. यंत्रावर घडविलेल्या चार ठोक्यांच्या नृत्यतालात मराठी शब्द अडखळले नाहीत, याचे श्रेय ठोक्याइतकेच या जुन्या सवयीला आहे. ताल परका वाटला तरी त्यावर शब्द टाकण्याची तऱ्हा घरचीच आहे.

आता रावपुऱ्याकडे येऊ. कारण या गाण्याचा प्रश्न पुण्यामुंबईत जसा दिसतो तसा येथे दिसत नाही. येथील मराठी कुटुंबांत मुले घरी मराठी ऐकतात, रस्त्यावर गुजराती बोलतात आणि शाळेत बहुधा गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने ज्या नगरीने भरविली, चंद्रशेखर आणि यशवंत यांना जिने राजकवी केले, तेथे मराठी ही आज पुष्कळ मुलांना वडीलधाऱ्यांची भाषा वाटते. अशा स्थितीत स्नेहसंमेलनासाठी मुली एक मराठी गाणे आपण होऊन निवडतात आणि त्यांच्या गुजराती मैत्रिणी त्याचे शब्द पाठ करून उच्चार विचारावयास येतात, हे दृश्य शिक्षकाने क्षुल्लक मानू नये. गरब्याची सवय असलेल्या त्या मुलींना ध्रुवपद झेलून फेरात घेणे शिकवावे लागत नाही. भाषा जगते ती प्रथम तोंडात, मग पुस्तकात. तोंडात ती आणण्याचे काम आमच्या व्याख्यानमालांना जितके साधले नाही, तितके या गाण्याला साधले.

तथापि याचा अर्थ टाळ्या वाजवून मोकळे व्हावे, असा नव्हे. 'हे गाणे मंचावर चालेल की नाही' एवढाच प्रश्न आपल्या शाळांतून विचारला जातो, आणि होय किंवा नाही म्हणून तो संपतो. याच नगरीत १८८६ साली मौलाबक्षांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा निघाली, आणि गाणे हा शिकण्याचा विषय आहे हे मान्य झाले. ती दृष्टी आपण गाण्याच्या शब्दांनाही लावावी. मुलींनी नाच बसवावा. आणि दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला 'पैठणी' वाचावी. दोन वस्त्रांत फरक काय, हे त्यांनीच सांगावे. नंतर त्यांना एक लहानसे काम द्यावे: या गाण्याला आणखी एक कडवे लिहा, ज्यात ती साडी कोठून आली हे कळेल. कोणी आईचे कपाट लिहील, कोणी मांडवीतले दुकान, कोणी मावशीच्या लग्नातला आहेर. कवीने जी जागा मोकळी सोडली, ती आमच्या विद्यार्थिनींनी आपल्या मराठीत भरली, तर ध्रुवपदाने त्यांच्या तोंडी आणलेली भाषा तेथेच थांबणार नाही.