आशेचे ईश्वरशास्त्र : एक परीक्षण

जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) यांच्या ‘आशेचे ईश्वरशास्त्र’ (१९६४) या ग्रंथाचे मूळ युद्धानुभवात आहे. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील बॉम्बवर्षावात विमानविरोधी तोफेपाशी त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला. १७ वर्षांचे मोल्टमान वाचले. पुढे १९४८ पर्यंतच्या युद्धकैदेत त्यांना बायबल मिळाले आणि वधस्तंभावरील येशूच्या आक्रोशात आपलाच प्रश्न ऐकू आला.

ग्रंथाचे प्रतिपादन असे की, ख्रिस्ती आशा म्हणजे केवळ मरणोत्तर सुखाचे आश्वासन नव्हे. येशूच्या पुनरुत्थानात ईश्वराने नव्या सृष्टीचे अभिवचन दिले आहे. म्हणून आशावंताला प्रचलित अन्यायाशी तडजोड करता येत नाही. आशेला निष्क्रियतेतून सोडविणारा हा विचार निःसंशय मोलाचा आहे.

तथापि एक उणीव जाणवते. भविष्याकडे दृष्टी लावणारी ही आशा आज मरणाऱ्यास काय देते? याचे उत्तर येथे अपुरे आहे. ‘क्रूसावर खिळलेला ईश्वर’ (१९७२) या ग्रंथात मोल्टमान स्वतःच दुःखात सहभागी होणाऱ्या ईश्वराकडे वळले. अनिश्चित काळात केवळ पहिला ग्रंथ हाती घेणाऱ्यास त्यांच्या आशेचा अर्धाच आधार लाभेल.