तंत्रलेखन : स्वरूप, वेगळेपण आणि वाचकाचे माप

प्रस्तावना

मराठी समीक्षेने ललित आणि वैचारिक गद्याचा विचार विपुल प्रमाणात केला आहे. कवितेतील प्रतिमा, कादंबरीतील निवेदक, निबंधाची शैली यांवर आपल्याकडे स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध आहेत. मात्र यंत्रासोबत येणारी हस्तपुस्तिका, औषधाच्या खोक्यातील माहितीपत्रक, पाककृती, प्रयोगशाळेतील सूचना हे सामान्य माणसाच्या रोजच्या वापरातील लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिलेले दिसते. उपयोजित मराठीच्या अध्यापनातही अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, वृत्तलेखन यांवर जेवढा भर दिला जातो, तेवढा कृती सांगणाऱ्या लेखनावर दिला जात नाही. प्रस्तुत लेखात तंत्रलेखनाचे स्वरूप स्पष्ट करून ते इतर लेखनप्रकारांहून कोठे वेगळे पडते, याची दोन उदाहरणांच्या आधारे चिकित्सा केली आहे.

तंत्रलेखनाची संकल्पना

एखादे उपकरण, पदार्थ, प्रक्रिया किंवा व्यवस्था यांविषयी विशिष्ट वाचकाला विशिष्ट काम करता यावे, या हेतूने केलेले लेखन म्हणजे तंत्रलेखन, अशी त्याची कामचलाऊ व्याख्या करता येईल. येथे ‘तंत्र’ हा शब्द केवळ यंत्रविद्येपुरता मर्यादित नाही. पुरणपोळी कशी करावी हे सांगणारा मजकूर जितका तंत्रलेखनात मोडतो, तितकाच विहिरीवरील मोटार कशी जोडावी हे सांगणारा मजकूरही मोडतो. दोहोंची कसोटी एकच आहे : वाचून झाल्यावर वाचकाला ते काम बिनचूक करता आले काय?

ही कसोटी इतर लेखनाला लागू होत नाही. ललित लेखनाचे यश रसिकाच्या अनुभवात असते. वैचारिक लेखन वाचकाला पटवू पाहते. शास्त्रीय शोधनिबंध समव्यवसायी अभ्यासकांपुढे पुरावा मांडतो. तंत्रलेखनाचा वाचक मात्र बहुधा अभ्यासक नसतो, त्याला वाचनाचा आनंदही नको असतो. त्याचे हात कामात असतात आणि नजर अर्धीच कागदावर असते.

भारतीय शब्दशक्तिविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर काव्याचे सामर्थ्य व्यंजनेत आहे. एका शब्दातून अनेक अर्थ ध्वनित होणे हा तेथे गुण ठरतो. तंत्रलेखनाला अभिधेवर उभे राहावे लागते, कारण दुसरा अर्थ निघाला की चूक घडते. पण एवढ्याने भेद संपत नाही. वाक्यार्थबोधासाठी आपल्या परंपरेने आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी सांगितल्या आहेत. त्यांपैकी सन्निधी, म्हणजे परस्परसंबद्ध पदांचे सान्निध्य, ही अट तंत्रलेखनात वाक्यापुरती न राहता संपूर्ण मजकुराला लागू होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ज्या कृतीविषयी सावध करायचे, तिच्या आधी आणि तिला लागूनच ती सावधगिरी आली पाहिजे. तीच सूचना दोन पानांनंतर आली तर ती व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही निरुपयोगी ठरते.

‘रुचिरा’ : वाचकाच्या मापाचा स्वीकार

मराठीतील यशस्वी तंत्रलेखनाचे ठळक उदाहरण म्हणून कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा निर्देश करता येईल. १९७० साली प्रथम प्रकाशित झालेल्या या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि कित्येक घरांत ते नव्या संसाराचा भाग बनले. या यशाची चर्चा सहसा चवीच्या अंगाने होते. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यातील मापनपद्धती. प्रमाण सांगताना पुस्तकाने वाटी आणि चमचा यांचा आधार घेतला. ज्या स्वयंपाकघरात तराजू नव्हता, तेथे वाटी मात्र होतीच. वाटीचा आकार घरोघरी वेगळा असला तरी एकाच वाटीने सारे जिन्नस मोजले की परस्परप्रमाण टिकून राहते. म्हणजेच वरवर ढोबळ दिसणारे हे माप त्या कामासाठी पुरेसे अचूक आहे. लेखिकेने अचूकता सोडलेली नाही, ती वाचकाच्या हाताशी असलेल्या साधनात आणून ठेवली आहे.

भाषेच्या अंगानेही पाककृतीचा घाट अभ्यसनीय आहे. आधी साहित्य, मग कृती हा क्रम कामाच्या क्रमाशी जुळतो. ‘मोहरी घालावी’, ‘मंद आचेवर परतावे’ अशा विध्यर्थी वाक्यांत कर्ता सांगितलेला नसतो, तरीही घोटाळा होत नाही. वाचणारी व्यक्ती आणि चुलीपुढची व्यक्ती एकच असते.

कीटकनाशकाचे माहितीपत्रक : वाचकाचा विसर

दुसरे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध टोकाचे आहे. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनी कीटकनाशकाच्या वेष्टनावरील चिठ्ठी व आतील माहितीपत्रक यांतील मजकूर ठरवून दिला. पत्रकात प्रादेशिक भाषेचीही तरतूद केली. हेतू निःसंशय चांगला आहे. परंतु अनेक भाषा एका घडीच्या कागदावर बसवताना अक्षर इतके बारीक होते की, शेताच्या बांधावर ते वाचणे चांगल्या नजरेलाही कठीण जावे.

अक्षराहून गंभीर प्रश्न मापाचा आहे. पदवीच्या वर्गात असे एक पत्रक देऊन प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना विचारले, ‘पंधरा लिटरच्या पंपात औषध किती घालाल?’ वर्गातील निम्मीअधिक मुले शेतकरी कुटुंबांतील होती. पत्रकात मात्रा हेक्टरी दिली होती; आधी सक्रिय घटक ग्रॅममध्ये, मग तयार औषध आणि शेवटी पाणी लिटरमध्ये. समजा, हेक्टरी ५०० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यात सांगितले असेल, तर पंधरा लिटरच्या पंपाला १५ मिलिलिटर पुरते. हे गणित अवघड नाही, पण ते वाचकावर सोपवले आहे. शेतकरी जमीन एकरात मोजतो, पाणी पंपात मोजतो आणि औषध बहुतेकदा बाटलीच्या झाकणाने. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी यंत्राने कमी पाण्यात तेवढेच क्षेत्र फवारले जाते, तेव्हा पंपागणिक प्रमाणही बदलते. वर्गात चार वेगवेगळी उत्तरे आली. एक मुलगा म्हणाला, ‘सर, आमच्याकडं दुकानदार सांगतो तेवढी झाकणं टाकतात.’ पत्रकाने जी जागा रिकामी सोडली, ती विक्रेत्याच्या तोंडी शब्दाने भरून काढली होती.

वाक्यरचनेचाही विचार आवश्यक आहे. ‘योग्य ती खबरदारी घेण्यात यावी’ या धाटणीच्या वाक्यात योग्य खबरदारी कोणती आणि ती घेणारा कोण, हे दोन्ही अध्याहृत राहते. स्वयंपाकघरात कर्ता गाळून चालते, येथे चालत नाही. औषध विकत घेणारा मालक आणि फवारणारा मजूर या पुष्कळदा दोन व्यक्ती असतात आणि पत्रक मालकाच्या घरीच राहते.

चिन्हांचीही तीच कथा आहे. विषारीपणाची उतरती श्रेणी लाल, पिवळा, निळा आणि हिरवा अशा चार रंगांनी दाखवली जाते. हिरवा रंग म्हणजे तुलनेने कमी विषारी, निर्धोक नव्हे. पण रस्त्यावरील हिरवा दिवा ‘जा’ म्हणतो आणि खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण असतो. रोजच्या जीवनात हिरव्याशी जोडलेला अर्थ त्रिकोणातील हिरव्यालाही चिकटणे स्वाभाविक आहे. येथे व्यंजना नको असताना शिरते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. या दुर्घटनेचा सारा भार माहितीपत्रकावर टाकणे अन्यायाचे होईल. औषधांचे मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव, फवारणीची यंत्रे, पिकाची उंची अशा अनेक कारणांची चर्चा त्या वेळी झाली. तथापि मात्रा, मिश्रण आणि संरक्षण या तिन्ही गोष्टी सांगण्यासाठीच ते पत्रक असते. तेव्हा त्याच्या भाषेची चिकित्सा हा मराठीच्या अध्यापकाचाही विषय ठरतो.

परिभाषेचा प्रश्न

मराठीतून तंत्रलेखन होत नाही याचे कारण परिभाषेची उणीव, असे नेहमी सांगितले जाते. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंत संज्ञा घडवण्याचे मोठे काम मराठीत झालेले आहे. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु वरील पत्रकातील अडचण संज्ञेची नव्हती. ‘सक्रिय घटक’ ही संज्ञा कितीही नेमकी असली तरी पंपात किती घालावे हे ती सांगत नाही. कोश शब्द पुरवतो. कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मापात सांगायचे हा निर्णय लेखकाचाच असतो.

निष्कर्ष

१) तंत्रलेखनाचे वेगळेपण विषयात किंवा पारिभाषिक शब्दांत नसून वाचकाच्या कृतीशी असलेल्या त्याच्या बांधिलकीत आहे.

२) तंत्रलेखनातील अचूकता म्हणजे वाचकाच्या हाताशी असलेल्या मापात व्यक्त झालेली अचूकता होय.

३) वाचक आणि कर्ता भिन्न असतील तेथे कर्त्याचा स्पष्ट उल्लेख अनिवार्य ठरतो.

४) सावधगिरीची सूचना संबंधित कृतीला लागून आणि तिच्या आधी आली पाहिजे.

उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत तंत्रलेखनाचा घटक आवर्जून समाविष्ट व्हावा आणि त्याचे मूल्यमापन केवळ शुद्धलेखनावर होऊ नये. विद्यार्थ्याने लिहिलेली सूचना त्या विषयाशी अपरिचित अशा व्यक्तीच्या हाती द्यावी आणि तिला काम जमते की नाही ते पाहावे. ज्या वर्गात चार उत्तरे आली, त्याच वर्गाने नंतर एका बाजूवर मावणारे, एकरी व पंपागणिक मात्रा सांगणारे पत्रक ठळक अक्षरांत तयार केले. आकडे कृषी विषयाच्या सहकाऱ्याकडून तपासून घेतले. मग तोच प्रश्न कला शाखेच्या दुसऱ्या वर्गाला विचारला, तेव्हा उत्तर एकच आले.