तोंड गोड करण्याची जाहिरात

जाहिरात हाहि वाङ्मयाचाच एक प्रकार आहे, असें म्हटलें तर पुष्कळ रसिक नाकें मुरडतील. पण जें वाङ्मय घरोघर ऐकलें जातें आणि मुलांना न शिकवितां पाठ होतें, त्याची परीक्षा टीकाकारानें करूं नये, तर कोणीं करावी? या दृष्टीनें कॅडबरीच्या चॉकलेटांचें उदाहरण बोधप्रद आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष जॉन कॅडबरी यानें १८२४ सालीं बर्मिंगहॅम येथें दुकान थाटलें. तो क्वेकर पंथाचा. लोकांनीं दारू सोडून चहा, कॉफी, कोको प्यावा, हा त्याचा हेतु. त्याचा मुलगा रिचर्ड यानें १८६० नंतरच्या दशकांत चॉकलेटें सचित्र पेट्यांतून विकण्यास आरंभ केला; त्यांतलीं कांहीं चित्रें त्यानें स्वतः काढलीं होतीं. आंतला खाऊ संपला, तरी पत्रें ठेवण्यासाठीं पेटी घरांत राही. खाऊ क्षणाचा, पण पेटी वर्षांची! भेटवस्तूचें मर्म त्याला कळलें होतें.

भारतांत ही कंपनी १९४८ सालीं आली. पुढें ठाणें व मावळांतील इंदुरी येथें तिचे कारखाने निघाले. परंतु चॉकलेट म्हणजे मुलांचा हट्ट पुरविण्याची वस्तु, ही आपली समजूत दीर्घकाळ टिकली. ती १९९४ च्या एका जाहिरातीनें हालविली. पीयूष पांडे यांच्या कल्पनेंतील ती तरुणी पहारेकऱ्यास चुकवून क्रिकेटच्या मैदानावर नाचत जाते. त्या चित्रांत मालाची स्तुति जवळजवळ नाहींच. आनंदानें भान विसरणें मोठ्यांनाहि शोभतें, एवढेंच तें सांगतें. चांगल्या कलाकृतीचा संयम त्यांत आहे.

२००३ च्या ऑक्टोबरांत मुंबईंत कांहीं चॉकलेटांत अळ्या आढळल्या. कंपनीनें वेष्टण बदललें, अमिताभ बच्चन यांना पुढें केलें आणि ‘कुछ मीठा हो जाए’ हें वाक्य घरोघर पोंचविलें. येथून चॉकलेटानें मिठाईची जागा मागितली. राखी व दिवाळी यांसाठीं ‘सेलिब्रेशन्स’ची पेटी आहेच.

माझा आक्षेप येथें आहे. आपल्याकडे गोड पदार्थ बातमी सांगतो. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, या रीतींतला भेदभाव जावा हें योग्यच. पण पदार्थाला बोलतां येई, हें खरें. दिवाळीच्या फराळाच्या ताटावरून तें कोणत्या घरचें, हें शेजारीण रुमाल काढतांच ओळखी. आणि तें ताट रिकामें परत जात नसे. पेटी मात्र प्रत्येक प्रसंगीं तेंच बोलते. तिच्यांत देणाऱ्याचा हात दिसत नाहीं, फक्त ऐपत दिसते.

तरीहि न्याय दोन्ही बाजूंनीं व्हावा. भिंगारसारख्या छावणीच्या गावांतून रजेवर निघालेल्या जवानानें दोन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासांत खव्याचे पेढे कसे न्यावेत? नोकरी करणाऱ्या गृहिणीनें रात्र जागून चकल्या तळाव्यात, हा आग्रह तरी कोणीं धरावा? सणासुदीस खव्यांत भेसळ होते, तेव्हां तारीख छापलेली पेटी विश्वासाची वाटते. २०२१ च्या दिवाळींत तर कंपनीनें यंत्राच्या साहाय्यानें शाहरुख खान यांच्या मुखीं लहानसहान दुकानांचीं नांवें घातलीं. साथीनें खचलेल्या दुकानदारांस त्यानें धीर आला असेल; पण जाहिरातीलाहि अखेर ओळखीच्या माणसाचें नांव उच्चारावें लागलें, हें विसरतां येत नाहीं.

म्हणून पेटी घरांत येऊं नये, असें मी म्हणत नाहीं. ती खुशाल यावी. मात्र तिच्याबरोबर घरच्या दोन करंज्या आणि स्वहस्तें लिहिलेल्या चार ओळीहि जाव्यात. जें बोलणें आपलें आहे, तें कंपनीवर सोंपवून आपण गप्प बसूं लागलों, तर दोष जाहिरातीचा नसून आपला ठरेल.