स्टॉक कार शर्यतींची जुनी छायाचित्रे आणि स्मरणरंजन : एक चिकित्सक आकलन

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत 'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी 'स्मरणरंजन' आणि 'गतकातरता' असे दोन पर्याय रूढ आहेत. ते बरेचदा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः पहिल्या शब्दात भूतकाळापासून मिळणारा आनंद सूचित होतो, तर दुसऱ्यात तो हरपल्याची व्यथा. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गतकाळ पुन्हा उभारू पाहणारी पुनर्स्थापक वृत्ती आणि अंतराचे भान ठेवणारी चिंतनशील वृत्ती असा भेद केला आहे. हा भेद अमेरिकेतील प्रारंभीच्या स्टॉक कार शर्यती व त्यांच्या धावपट्टीलगतच्या छायाचित्रकारांना लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निर्मळ आरंभाची मिथककथा

डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी बोलाविलेल्या बैठकीतून 'नॅस्कार' ही संस्था आकारास आली व फेब्रुवारी १९४८ मध्ये तिची रीतसर नोंदणी झाली. शर्यतीतील मोटार ही दुकानातून विकत घेतलेलीच असावी, ही 'स्टॉक' या शब्दामागील कल्पना होय. जुन्या छायाचित्रांचे चाहते याच साधेपणावर भाळलेले असतात. धुळीची धावपट्टी, नेहमीच्या वापरातील मोटारी आणि कुंपणाला रेलून उभे असलेले प्रेक्षक पाहून त्या काळी सारे काही अस्सल होते, असा त्यांचा ग्रह होतो.

इतिहास मात्र या ग्रहास दुजोरा देत नाही. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झालेल्या पहिल्याच 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यतीत ग्लेन डनवे प्रथम आले. परंतु त्यांच्या मोटारीच्या मागील स्प्रिंगमध्ये फेरफार आढळल्याने ते अपात्र ठरले आणि जिम रोपर विजयी घोषित झाले. तात्पर्य, अस्सलपणाचा वाद या खेळाच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू झाला. चोरट्या दारूच्या वाहतुकीशी असलेला त्याचा संबंधही पुढे रम्य आख्यायिकेचा विषय बनला. १९६५ मध्ये टॉम वुल्फ यांनी ज्युनियर जॉन्सन यांच्यावर लिहिलेल्या गाजलेल्या लेखाने या आख्यायिकेला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली.

साक्ष देणारे छायाचित्र

त्या काळी अमेरिकन वृत्तछायाचित्रकारांच्या हाती सर्रास दिसणारा कॅमेरा म्हणजे 'स्पीड ग्राफिक'. त्याच्या फिल्म-होल्डरमध्ये फिल्मचे दोनच तुकडे बसत. प्रत्येक छायाचित्रानंतर होल्डर उलटावा किंवा बदलावा लागे. त्यामुळे भरधाव मोटार समोरून जाताना छायाचित्रकारास बहुधा एकच संधी मिळे. त्या चित्रांतील ताण केवळ विषयाचा नाही, तर या मर्यादेचाही आहे.

टी. टेलर वॉरन यांचे २२ फेब्रुवारी १९५९ चे छायाचित्र या संदर्भात पाहण्यासारखे आहे. १९५८ पर्यंत डेटोनाची शर्यत समुद्रकिनाऱ्याची वाळू व लगतचा रस्ता यांवर होत असे. १९५९ मध्ये अडीच मैलांची नवी धावपट्टी खुली झाली. तेथील पहिल्या 'डेटोना ५००' मध्ये ली पेटी व जॉनी बोशाँ यांनी अंतिम रेषा जवळजवळ एकाच क्षणी ओलांडली. एक फेरी मागे असलेले जो वेदरली हेही त्यांच्या बरोबरीने होते. प्रथम बोशाँ विजयी घोषित झाले व विजयस्थानी त्यांचा सोहळाही झाला. पुढे छायाचित्रे व वृत्तचित्रफीत तपासून सुमारे ६१ तासांनी पेटी यांचा विजय मान्य करण्यात आला. त्या पुराव्यात वॉरन यांचे छायाचित्र होते. म्हणजे सोहळ्याच्या चित्राने जे सांगितले ते अंतिम रेषेवरील चित्राने खोडून काढले. आज स्मृतिचिन्ह म्हणून जपले जाणारे हे छायाचित्र मुळात एका वादातील साक्षीदार होते.

चौकटीबाहेरचा विजेता

छायाचित्र असत्य उघड करू शकते, तसेच त्याची अनुपस्थितीही बोलकी असते. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट हे कृष्णवर्णीय चालक दोन फेऱ्यांच्या आघाडीने जिंकले. परंतु विजयाचा सोहळा बक बेकर यांच्या नावे पार पडला. प्रेक्षक पांगल्यानंतर चूक मान्य झाली. धावपट्टी, मोटार, वेग आणि विजय हे सारे होते. विजयस्थानी करंडकासह उभ्या असलेल्या स्कॉट यांचे त्या दिवशीचे छायाचित्र तेवढे असू शकले नाही. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये त्यांना 'नॅस्कार हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले आणि २०२१ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांना त्या विजयाचा करंडक देण्यात आला. करंडक पुन्हा घडविता येतो, निसटलेला क्षण मात्र पुन्हा टिपता येत नाही.

येथे पुनर्स्थापक स्मरणरंजनाची मर्यादा स्पष्ट होते. २०१५ पासून डार्लिंग्टन येथे मोटारींना जुन्या रंगसंगतीत रंगवून गतकाळ जागविला जातो. १९९६ नंतर मुख्य मालिकेला मुकलेली नॉर्थ विल्क्सबरोची धावपट्टी २०२३ मध्ये ऑल-स्टार शर्यतीने पुन्हा गजबजली. हे उपक्रम निरर्थक नाहीत. छोट्या गावांच्या जिव्हाळ्याचा अंश त्यांत आहे. परंतु रंग पुन्हा चढविताना कोणता काळ परत आणावयाचा, हा प्रश्न टळत नाही. दक्षिणेतील शर्यतींच्या प्रेक्षकांत दीर्घकाळ फडकणाऱ्या कॉन्फेडरेट ध्वजावर नॅस्कारने २०२० मध्ये बंदी घातली. तो ध्वज ज्या जुन्या चित्रांत आहे, ती नष्ट करणे जसे अयोग्य, तसेच तो दिसत नसल्यासारखे वागणेही अयोग्य.

निष्कर्ष

धावपट्टीलगतच्या छायाचित्रकारांनी आपल्यासाठी सुवर्णयुग जतन केले, असे मानणे म्हणजे त्यांच्या कार्याचे अवमूल्यन होय. त्यांनी जतन केला तो पुरावा, आणि पुरावा रंजनापेक्षा वाचनाची अपेक्षा अधिक करतो. १९५९ चे चित्र व १९६३ चे न घेतले गेलेले चित्र ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तरच या संग्रहांचा अर्थ लागतो. स्मरणरंजनाकडून चिंतनशील गतकातरतेकडे जाण्याचा मार्ग चौकटीत काय आहे, यासोबतच चौकटीबाहेर कोण राहिले, या प्रश्नातून जातो. छायाचित्रसंग्रहांचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने हा प्रश्न आरंभीच विचारावयास हवा.