पुरुषसौंदर्याची रसिकता आणि ‘कोबाल्ट ब्लू’

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, किनारपट्टीवरील कुणबी वस्त्यांत गौरीगणपतीच्या दिवसांत बाल्या नाच होतो. जाखडी हे त्याचे दुसरे नाव. मध्यभागी ढोलकी-झांजा घेऊन गाणारे बसतात. पायांत चाळ बांधलेले पुरुष त्यांच्याभोवती रिंगण धरतात. शक्तिवाले आणि तुरेवाले यांचे सवालजबाब रंगू लागले म्हणजे रात्र सरते. कानांत बाळ्या घालणाऱ्या कोकणी गड्यांवरून हे नाव पडले असे सांगतात. एरवी नांगर धरणारा किंवा मुंबईस चाकरीला गेलेला गडी या रात्री ठुमकतो, कंबरेत लवतो, नटतो. आणि त्याच्या पुरुषपणाविषयी गावातील कोणाही माणसाला शंका येत नाही. उलट, अमक्याचे पाऊल कसे पडते, तमक्याचा बांधा कसा डौलदार आहे, याची उघड वाखाणणी होते आणि ती करणारेही बहुधा पुरुषच असतात.

या वाखाणणीला लोकजीवनात स्थान आहे. मराठी समीक्षेत मात्र तिला नाव मिळालेले नाही. पुरुषाने कलावंत पुरुषाचे सौंदर्य पाहावे, त्यावर लुब्ध व्हावे, हा अनुभव आपल्या वाङ्मयात व रंगभूमीवर पुष्कळदा आला. पण तो काही तरी पांघरून आला. बालगंधर्वांचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. प्रेक्षागृहातील पुरुषांना मोह पडला तो भामिनीच्या शालूचा की नारायण श्रीपाद राजहंस या गृहस्थाचा, हा प्रश्न मात्र सभ्यपणे टाळला जातो. लुगडे हे येथे पांघरूण होते. ते असल्यामुळे मोहास मुभा होती. सतीश आळेकर यांनी ‘बेगम बर्वे’त (१९७९) हे पांघरूण निर्दयपणे उचलले. संगीत नाटकांतून दुय्यम स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो. दोन कारकुनांच्या स्वप्नात तो शिरतो, आणि त्यांपैकी एकाची तो बायकोही होतो. तेथेही पुरुषाची ओढ पुरुषाकडे वळते ती त्याला स्त्री समजूनच. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने (१९८१) स्त्रीची स्त्रीविषयीची ओढ रंगमंचावर आणली, तरी ती प्रेक्षकाला कळते बापू या पुरुषाच्या निवेदनातून. पुढे ‘नटरंग’ चित्रपटात (२०१०) पैलवानी शरीराचा गुणा नाच्या होतो, आणि त्याची जी विटंबना होते तीत समाजाची पुरुषाविषयीची कल्पना किती अरुंद आहे हे उघडे पडते. तथापि गुणाकडे प्रेमाने पाहणारी पुरुषाची दृष्टी त्याही कथेच्या केंद्रस्थानी नाही.

या पार्श्वभूमीवर सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (मौज प्रकाशन, २००६) या लहानशा कादंबरीचे महत्त्व ध्यानात येते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात वरच्या खोलीत एक तरुण चित्रकार भाड्याने राहावयास येतो. त्या घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा ही दोघेही, एकमेकांच्या नकळत, त्याच्यावर प्रेम करतात. तो अनुजेबरोबर निघून जातो आणि काही महिन्यांनी ती एकटीच परतते. पूर्वार्ध तनयचा आहे, उत्तरार्ध अनुजेच्या रोजनिशीचा. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ लागू होते. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना त्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ चा. असे असूनही तनयचे निवेदन कैफियतीचा सूर धरीत नाही. आपण असे का आहोत, हा प्रश्न तो जवळजवळ विचारीतच नाही.

तो पाहत असतो. त्याचे सारे निवेदन गेलेल्या मित्राला ‘तू’ म्हणून संबोधते, आणि या एका संबोधनाने कादंबरीचे निम्मे काम केले आहे. प्रिय व्यक्तीला उद्देशून केलेली आळवणी मराठीस नवी नाही. विराण्यांत ती आहे, लावणीत आहे, नाट्यपदांत आहे. तेथे पुरुष कवी स्त्रीचा आवाज घेतो. तनयला तसा आवाज उसना घ्यावा लागत नाही. पुरुषाच्या आवाजातच तो पुरुषाची आठवण काढतो, आणि मराठी गद्याला ही गोष्ट पेलते हे या पृष्ठांवरून सिद्ध होते.

तनयला या चित्रकारात नेमके काय दिसते? वडील आणि थोरला भाऊ असीम यांच्या रूपाने पुरुषपणाचा एकच नमुना त्या घरात वावरतो : शिक्षण, नोकरी, लग्न, घरावरील हक्क. पाहुण्याला आईबाप नाहीत, वेळापत्रक नाही, कोणापुढे सिद्ध करावयाचे काही नाही. तो रंगांत हात बुडवून बसतो, मनास येईल तसे जगतो, आणि तरीही पुरुषच असतो. तनयच्या दृष्टीने हा एक शोध आहे. त्याचे प्रेम म्हणूनच निव्वळ देहाची ओढ नव्हे; पुरुष होण्याच्या दुसऱ्या एका रीतीला दिलेली ती दाद आहे. किनाऱ्यावरील नाचाच्या रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या गावाची दाद आणि ही दाद यांत नाते आहे. फरक असा की, गावाची दाद सणाच्या रात्रीपुरती आणि समूहाची असते. तनयची दाद एकट्याची आहे, आणि एकट्याने दिलेल्या दादेची किंमत एकट्यालाच मोजावी लागते.

येथे एक आक्षेप घेणे प्राप्त आहे. तनय रसिक आहे खरा, पण तो चित्रकाराचा रसिक आहे. चित्रांचा फारसा नाही. कलावंताचे राहणे-वागणे त्याच्या मनात जितके भरते तितकी त्याची कला भरत नाही. परिणामी चित्रकार हा दुसऱ्याच्या मुक्तीची खिडकी होऊन बसतो. लेखकाने त्याला अखेरपर्यंत नाव दिलेले नाही. हे कौशल्य म्हणून वाखाणता येईल. पण ज्याला नाव नाही त्याला जाब विचारता येत नाही, हेही तितकेच खरे. दोन माणसांना तो सोडून जातो, आणि दोघांच्याही आठवणीत तो जबाबदारीवाचून सुंदर राहतो. सर्जनशील पुरुषाला सर्व काही क्षम्य मानण्याची खोड मराठी रसिकाला जुनीच आहे. नटांच्या आणि गवयांच्या आख्यायिका तिने भरलेल्या आहेत. तनयही त्याच पंगतीस बसतो.

अनुजेचा उत्तरार्ध या खोडीला काहीसा आळा घालतो. रूढ बायकी साच्यात तीही बसत नाही, म्हणून त्याच पुरुषात तिला दिसणारी मोकळीक वेगळी आहे. तिच्या रोजनिशीत आळवणी नाही, दिवसांची नोंद आहे. उत्तरार्ध पूर्वार्धाहून फिका आहे असे म्हणणाऱ्यांनी ही कोरडी शैली हेतुपुरस्सर आहे की काय, याचा विचार करावयास हवा. ज्याला तनय प्रेमाने ‘तू’ म्हणतो त्याच्याबरोबर संसार थाटू पाहणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला काय आले, ते येथे कळते. आणि ते कळल्यावर पूर्वार्ध पुन्हा वाचला तर तनयच्या काही अतिशय सुंदर ओळी तितक्याशा निरागस वाटत नाहीत.

कुंडलकरांनीच केलेल्या चित्रपटात (२०२२) कथा पुण्याहून केरळात, कोचीच्या समुद्रकाठी गेली. तेथील तनय लेखक होऊ पाहणारा आहे. पाहणारा येथे उघडपणे निर्माता होऊ लागतो. कादंबरीत हे बीज निवेदनातच दडलेले होते, कारण निघून गेलेल्या चित्रकाराचे एकमेव पुरते चित्र तनयच्या शब्दांतच उतरले आहे.